तिच्याजवळ माझं काही असेल का?

धारणी आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या मायमावल्यांना, ताईंना आणि चुलीजवळ रेडिओ लावून बसलेल्या आजींना आमच्या बचत गटांचा रामराम.

मागच्या वेळी आम्ही गटाची वही आणि बँकेचं कर्ज यावर बोललो होतो. आज हिशेबाचा विषय नाही. आज दत्तक गेलेल्या लेकरांबद्दल बोलायचं आहे. त्यातही जी लेकरं देश सोडून दूर परक्या मुलखात जातात, त्यांच्याबद्दल. तुम्ही म्हणाल, धारणीत बसून परदेशाच्या गोष्टी कशाला? पण हा विषय आमच्याकडे बाहेरून आला नाही. आमच्याच गटाच्या बैठकीत, सतरंजीवर बसलेल्या एका बाईनं तो काढला.

त्या बाईचं नाव, गाव आणि साल आम्ही सांगणार नाही. तिला विचारूनच बोलतो आहोत, पण ओळख द्यायची नाही असं तिला कबूल केलं आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी लग्नाआधी तिला मुलगी झाली. घरच्यांनी लेकरू ठेवून घ्यायला नकार दिला. तेव्हा आमच्यातल्याच दोघी तिला आणि बाळाला घेऊन अमरावतीला गेल्या. सेमाडोह, परतवाडा करत एसटीत अख्खा दिवस गेला. बालकल्याण समितीपुढं तिनं कागदावर अंगठा दिला. निघायच्या वेळी तिनं कमरेला खोचलेली पुरचुंडी सोडली. आत तिच्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता आणि काळ्या मण्यांची बारीकशी माळ. म्हणाली, "हे तिच्यासंगं ठेवा."

आम्ही तिला अडवलं. "कायले ठेवतं माय? लेकराले नवं घर भेटन. तू बी विसर अन् तिले बी विसरू दे." असं म्हणून पुरचुंडी तिच्या हातात परत दिली. आपण शहाणपणाचं बोललो असं तेव्हा आम्हाला वाटलं होतं.

आता तिचं लग्न झालं आहे, पुढची लेकरं मोठी झाली आहेत. एका बैठकीत हप्ते गोळा करून झाले, आणि ती एकदम बोलली. "ते इकडंच कुठं असन, का इमानात बसून गेली असन, ते देवाले मालूम. पण तिच्याजोळ माह्यं काही असन काय वो ताई?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. एक जण पाणी प्यायला उठली, दुसरी वही चाळायला लागली. त्या दिवशी पुरचुंडी परत करणारीही तिथंच बसली होती.

मग आम्ही तिघी जणी जिल्हा बालसंरक्षण कक्षात विचारायला गेलो. तिथं जे कळलं आणि नंतर वाचून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो. हे आम्हाला आधी माहीत असतं, तर त्या पुरचुंडीचं आम्ही तसं केलं नसतं.

पहिली गोष्ट. लेकरू देणं म्हणजे लेकरू टाकणं नव्हे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यासाठी सरळ रस्ता आहे. आईला लेकरू वाढवणं शक्यच नसेल, तर ती बालकल्याण समितीपुढं तसं लिहून देते. समिती आधी तिला समजावते, विचार करायला लावते. सही किंवा अंगठा झाल्यावरही ६० दिवस तिच्या हातात असतात. तेवढ्यात मन बदललं तर लेकरू परत मागता येतं. आमच्या त्या बाईला हे ६० दिवस कोणी नीट समजावून सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

कुणाला बाळ बेवारस सापडलं, तर वेगळा रस्ता असतो. पोलीस आणि समिती त्याच्या आईवडिलांचा शोध घेतात. कोणीच सापडलं नाही, तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांच्या आत आणि त्याहून मोठ्या लेकराला चार महिन्यांच्या आत दत्तकासाठी मोकळं ठरवतात. पुढचं सगळं काम केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडून चालतं. त्यालाच सगळे 'कारा' म्हणतात. शेवटचा दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्ट देत असे. कायद्यात दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात.

दुसरी गोष्ट. आपलं लेकरू लगेच कोणी परक्या देशात नेत नाही. पहिला मान भारतात राहणाऱ्या घरांचा, आणि त्यांच्या बरोबरीनं परदेशात राहणाऱ्या भारतीयांचा. यातलं कोणी पुढं आलं नाही, तरच परदेशी कुटुंबाचा विचार होतो. देशादेशांमध्ये यासाठी १९९३ चा हेग करार आहे आणि भारत त्यात २००३ साली आला. लेकरू गेल्यावरही पाठ सोडत नाहीत. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी त्याचा अहवाल यावा लागतो.

मग परदेशात जातात कोणती लेकरं? बहुतेक करून मोठ्या वयाची, आजाराची, हातापायानं किंवा बुद्धीनं अधू असलेली. आपल्याकडं सगळ्यांना लहान, गोरं, निरोगी बाळ पाहिजे. अधू लेकरू पाहिलं की आपण मान वळवतो, आणि हजारो कोस लांबून कोणी तरी त्याच्यासाठी येतं. आपल्या परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशीच बेवारस, अधू लेकरं सांभाळली आणि त्यांच्या कागदावर बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण प्रत्येक गावात शंकरबाबा नसतात. म्हणून परदेशातल्या त्या आईबापांना नावं ठेवण्याआधी आपण आपल्याकडं बघावं, असं आम्हाला वाटतं.

आता तिसरी गोष्ट, ज्यासाठी हे सगळं सांगितलं. दत्तकाच्या नियमांतच लिहिलं आहे की संस्थेनं प्रत्येक लेकराचा आठवणींचा अल्बम तयार करायचा. त्यात त्याचे फोटो, त्याच्या आयुष्याची हकिकत आणि त्याच्या आवडीनिवडी असतात. लेकरू नव्या घरी सोपवताना हा अल्बम आणि दवाखान्याची माहिती त्या आईबापांच्या हातात द्यायची असते. ज्या आईनं लेकरू दिलं, तिचं नावगाव अल्बममध्ये नसतं. ते संस्थेच्या फायलीत गुपित राहतं. लेकरू १८ वर्षांचं झालं की आपल्या मुळाचा शोध घ्यायला ते स्वतः अर्ज करू शकतं. त्याआधी करायचा तर दत्तक आईबापांसोबत. पण जन्मदात्या आईची तयारी नसेल, तर तिचं नाव उघड करत नाहीत. म्हणजे दोघींचीही लाज राखून लेकराच्या हातात काही तरी देता येतं. आणि आम्ही लुगड्याचा तुकडासुद्धा जाऊ दिला नाही.

तुकड्यानं काय होतं, असं कोणी विचारेल. त्यासाठी आपल्या शेजारचीच एक गोष्ट ऐका.

बुऱ्हाणपूर आणि खंडवा आपल्याला काही लांब नाहीत. बाजाराला, दवाखान्याला, मजुरीला आपली माणसं तिकडं जातात. खंडव्याच्या गणेश तलाई भागात शेरू नावाचा एक पोरगा राहायचा. आई मजुरी करायची. १९८६ साली, पाचेक वर्षांचा असताना, तो थोरल्या भावासोबत बुऱ्हाणपूर स्टेशनवर गेला. थकून बाकावर झोपला. जागा झाला तर भाऊ दिसेना. समोरच्या गाडीत चढला आणि ती गाडी त्याला थेट कलकत्त्याला घेऊन गेली. त्याचा भाऊ त्याच रात्री रेल्वेखाली गेला होता, हे त्याला पुढं पंचवीस वर्षांनी कळलं.

कलकत्त्यात त्याला गाव विचारलं, तर तो म्हणायचा 'गिनेस्तले'. गणेश तलाई हे नाव त्याच्या बोबड्या तोंडात तसं बसलं होतं. बुऱ्हाणपूरला तो 'बेरामपूर' म्हणायचा. असं गाव कोणाला सापडेना. शेवटी १९८७ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर दत्तक गेला आणि शेरूचा सारू ब्रायर्ली झाला.

आता त्या परक्या आईनं काय केलं ते बघा. तिनं त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा नकाशा लावला. 'तुझं जुनं सगळं विसर' असं ती म्हणाली नाही. पोरगा तो नकाशा बघत मोठा झाला. त्याच्याजवळ घरचा ना फोटो होता, ना कागद, ना चिंधी. होत्या त्या फक्त आठवणी. स्टेशनजवळची पाण्याची टाकी, पूल, नदीवरचा बंधारा. मोठा झाल्यावर तो रात्र रात्र बसून संगणकावर, आकाशातून काढलेल्या चित्रांत हावड्याहून निघणारे रुळ धुंडाळायचा. २०११ मध्ये त्याला बुऱ्हाणपूरची टाकी दिसली. मग खंडवा, मग गणेश तलाई. २०१२ च्या फेब्रुवारीत तो घरी आला, तेव्हा त्याची आई त्याच भागात राहत होती. लेकरू परत येईल म्हणून तिनं ती वस्ती सोडली नव्हती. त्यानं यावर पुस्तक लिहिलं आणि २०१६ मध्ये 'लायन' हा सिनेमाही आला.

एवढा मोठा शोध, आणि आधाराला काय? दोन चुकीचे उच्चार आणि एक पाण्याची टाकी. गावाचं नाव लिहिलेली एक चिठ्ठी त्याच्या खिशात असती, तर?

शेरूला निदान आठवत तरी होतं. तान्ह्या बाळाला काय आठवणार? १९७९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाच्या 'श्रीवत्स' संस्थेत होती. तीन आठवड्यांची असताना हरेन आणि सू स्थळेकर यांनी तिला दत्तक घेतलं. हीच पुढं ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर. २०१३ मध्ये मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या संघात ती होती. आपण कोणत्या संस्थेतून आलो हे तिच्या आईबापांनी तिच्यापासून लपवलं नाही. मोठी झाल्यावर ती स्वतः ते ठिकाण बघून गेली. एवढं नाव कमावलेल्या बाईलाही आपला पहिला पाळणा कुठं होता ते बघावंसं वाटतं.

आणि एक वाईट उदाहरण. मुंबईहून लहानपणी अमेरिकेत दत्तक गेलेली एक मुलगी होती. तिच्या नागरिकत्वाचे कागद तिकडच्या मोठ्या माणसांनी पुरे केलेच नाहीत. मोठेपणी तिच्या हातून गुन्हा घडला, आणि २००८ मध्ये तिला भारतात परत पाठवून दिलं. नवरा आणि लेकरं तिकडं, ती इकडं, आणि इथली भाषासुद्धा येत नाही. म्हणून आठवण जेवढी महत्त्वाची तेवढाच कागद महत्त्वाचा. माळ जपायची, तसा दत्तकाचा आदेशही जपायचा.

हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांची नातेवाईक मंडळी पुण्यामुंबईत आणि परदेशातही आहेत. त्यांच्यापैकी कोणी लेकरू दत्तक घेत असेल, तर त्यांना आमचा निरोप द्या. लेकरू घ्यायला जाल तेव्हा विमानतळावरची महाग खेळणी नंतर घ्या. आधी हे गोळा करा. ज्या आयाबाईंनी त्याला अंघोळ घातली, त्यांचा फोटो. त्यांच्या तोंडची अंगाई मोबाइलमध्ये भरून घ्या. पाळण्याला अडकवलेली नावाची चिठ्ठी मागून घ्या. त्या दिवसाचं मराठी वर्तमानपत्र घ्या. तिथं जायचं एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट ठेवा. संस्थेच्या दाराचा आणि अंगणातल्या झाडाचा फोटो काढा. ज्या दुपट्यात ते झोपायचं ते धुऊ नका, तसंच न्या, कारण पहिल्या रात्री अनोळखी घरात त्याला तोच वास ओळखीचा असतो. ठेवलेलं नाव बदलायचं असेल तर बदला, पण जुनं नाव पुसून टाकू नका. मधलं नाव म्हणून राहू द्या. आणि लेकराला सांगायचं ते लहानपणापासून गोष्टीसारखं सांगा. लग्नाच्या मांडवात किंवा भांडणात शेजारणीच्या तोंडून कळायची ही गोष्ट नाही.

आपल्याकडं कोरकू घरात माणूस गेलं की सिडोली करतात. सागाच्या लाकडाचा मुंडा कोरून घेतात, त्यावर चंद्र-सूर्य काढतात. मेलेल्या माणसाची आठवण आपण लाकडात कोरून ठेवतो. मग जिवंत लेकरू दूर गेलं, तर त्याच्या आठवणीची चिंधीसुद्धा का नको?

म्हणून आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या तुम्हालाही सांगतो.

कोणी अडलेली पोर दिसली, तर तिला बोल लावायचे नाहीत. तिच्यासोबत समितीपर्यंत जायचं आणि ६० दिवसांची गोष्ट तिला दोनदा समजावून सांगायची. तिला लेकरासोबत काही द्यायचं असेल, तर आम्ही अडवणार नाही. उलट आम्ही दुपटी शिवून ठेवली आहेत, जुन्या लुगड्यांची, मऊ. त्यातलं एक द्यायचं. आईनं काय दिलं ते फायलीत लिहून घ्या, असं तिथल्या साहेबांना किंवा मॅडमला सांगायचं. तिच्या घरात कोणाला साखर आहे का, सिकलसेल आहे का, हेही लिहून घ्यायला लावायचं. आपल्या भागात सिकलसेलचे रोगी आहेत हे तुम्हाला माहीत आहे. परक्या देशातल्या डॉक्टरला त्या लेकराबद्दल हे कोण सांगणार?

बाळ सापडलं, तर १०९८ नंबरवर फोन करायचा. तो फुकट आहे. बाळाच्या अंगावरचं कापड, ताईत, दोरा काही फेकायचं नाही. 'घाण आहे' म्हणून चुलीत टाकायचं नाही. बाळ कोणत्या जागी, किती वाजता आणि कशात गुंडाळलेलं सापडलं, ते सांगायचं.

आणि कोणी म्हणालं, 'माझ्या ओळखीत पैसेवाले आहेत, लेकरू परस्पर देऊन टाकू', तर नाही म्हणायचं. लेकराची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातला माणूस त्यात असेल तर शिक्षा आणखी जास्त, सात वर्षांपर्यंत. परस्पर दिलेल्या लेकराची ना फाईल होते, ना अल्बम. उद्या ते विचारायला निघालं, तर त्याला विचारायला दारच उरत नाही.

शेवटची गोष्ट सगळ्या घरांसाठी आहे. सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला, वीटभट्टीवर आपण लेकरं घेऊन जातो. गाडीत, फलाटावर गर्दी असते. तुमच्या लेकराला आपलं पूर्ण नाव, आईचं नाव, गाव, तालुका धारणी, जिल्हा अमरावती एवढं म्हणता येतं का? आजच विचारून बघा. 'मेरा गाँव' एवढंच म्हणून थांबलं, तर गाण्यासारखं रोज म्हणून घ्या. फ्रॉकच्या आतून मोबाइल नंबर टाकून द्या. शेरूच्या आईला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता आमच्या त्या बाईचं काय झालं, ते सांगून थांबतो.

तिची पुरचुंडी तिनं जपून ठेवली होती. इतकी वर्षं, धान्याच्या कोठीमागं, डब्यात. कक्षातल्या मॅडम म्हणाल्या की मुलगी कुठं आहे ते सांगता येणार नाही, नियमच तसा आहे. पण तुमची चिठ्ठी आणि वस्तू फायलीपर्यंत पोचवायचा प्रयत्न करू. मुलीनं कधी शोध घेतला, तर तिला ते मिळेल. नाही घेतला, तर तिथंच राहील.

चिठ्ठी आमच्यातल्या एकीनं लिहिली. बाई सांगत होती, आम्ही लिहीत होतो. काय लिहिलं ते तिचं तिचं आहे, इथं सांगणार नाही. एवढंच सांगतो की ती फार लांब नाही. खाली तिनं अंगठा दिला. मग म्हणाली, अंगठा नको, सही करते. गटात सही शिकली आहे ना ती. आधीच्या अंगठ्याशेजारी वेड्यावाकड्या अक्षरांत तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

परत येताना परतवाड्याच्या स्टँडवर तिनं आम्हाला चहा पाजला. पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

रामराम. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर लेकराला गावाचं नाव विचारायला विसरू नका.